कॉलेजच्या डिस्काउंटवर घेतलेलं सॉफ्टवेअर आणि क्लायंटची वेबसाइट: काय चालतं, काय नाही

शिकत असतानाच वेबसाइटची कामं घेणारे खूप जण असतात आणि त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, की कॉलेजचं आयकार्ड दाखवून सॉफ्टवेअर स्वस्तात घेतलंय, आता त्यावर पैसे घेऊन कुणाची साइट करून दिली तर चालेल का. कुणालाही विचारा, दोनच उत्तरं येतात. एक जण सांगतो अजिबात नाही, स्टुडंट म्हणजे फक्त अभ्यासाला. दुसरा म्हणतो कोण बघायला येतंय, करा बिनधास्त. गंमत म्हणजे दोघांनीही त्या सॉफ्टवेअरच्या टर्म्स उघडून बघितलेल्या नसतात.

याला एकच उत्तर नाहीये. काही कंपन्या स्टुडंट लायसन्सवर धंद्याचं काम करायला सरळ परवानगी देतात, काही स्पष्ट शब्दांत बंदी घालतात, आणि नुसती किंमत बघून यातलं काहीच कळत नाही. सवलत कुणाला द्यायची हे कंपनी एका ठिकाणी लिहिते आणि त्या सॉफ्टवेअरने काय करू द्यायचं हे दुसऱ्याच ठिकाणी, आपण मात्र ते दोन्ही एकच धरून चालतो आणि सगळा घोळ तिथेच होतो.

दोन उदाहरणं शेजारीशेजारी ठेवली की लगेच कळेल. अडोबीचं स्टुडंट अँड टीचर एडिशन घ्यायचं तर तुम्ही खरंच शिकताय किंवा शिकवताय याचा पुरावा लागतो, पण एकदा घेतलं की ते पर्सनल आणि कमर्शियल दोन्ही कामाला वापरता येतं, असं अडोबीच्याच प्रश्नोत्तरांत वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे. आता मायक्रोसॉफ्टचं ऑफिस होम अँड स्टुडंट बघा. नावात स्टुडंट आहे, पण विकत घेताना २०१६, २०१९ किंवा २०२१ च्या एडिशनला कुणी आयकार्ड मागितलं नाही, कुणीही घेऊ शकत होतं. आणि लायसन्स मात्र नॉन-कमर्शियल, म्हणजे त्यावर क्लायंटचं कोटेशन बनवणंसुद्धा नियमात बसत नाही. म्हणजे या दोघांत जिथे पुरावा मागतात तिथे धंदा चालतो, जिथे मागत नाहीत तिथे चालत नाही! त्यामुळे अंदाजाने चालू नका, खाली दिलंय त्या क्रमाने तपासा.

स्टेप १: तुमच्याकडे कुठल्या प्रकारचं लायसन्स आहे ते ओळखा

ही स्टेप कंटाळवाणी वाटते पण पुढची सगळी उत्तरं हिच्यावरच अवलंबून आहेत, म्हणून जरा वेळ द्या.

पहिला प्रकार, तुम्ही स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावावर, सवलतीच्या दरात घेतलेलं. वरचं अडोबीचं उदाहरण यातलं. यात करार तुमच्यात आणि कंपनीत असतो, कॉलेजचा संबंध फक्त पुराव्यापुरता. ही पडताळणी बऱ्याचदा कंपनी स्वतः करतच नाही, शीअरआयडीसारख्या सेवेकडून करून घेते.

दुसरा प्रकार, विद्यार्थ्यांना पूर्ण फुकट मिळणारं. कोड लिहायची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जेटब्रेन्सचं विद्यार्थ्यांसाठीचं लायसन्स, ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कचा एज्युकेशन ॲक्सेस, हे या गटात येतात. इथे साधारण नियम असा धरून चाला की फुकट दिलंय म्हणजे अट घातलेली असणार. जेटब्रेन्सचं एज्युकेशनल लायसन्स एक वर्षाचं असतं, शिकत असाल तोवर दरवर्षी रिन्यू होतं, आणि ते नॉन-कमर्शियल शैक्षणिक कामासाठीच आहे हे त्यांनी अजिबात लपवलेलं नाही. ऑटोडेस्क तर यात एके काळी इतकं पुढे गेलं होतं की ऑटोकॅडच्या विद्यार्थी आवृत्तीत काढलेल्या ड्रॉइंगची प्रिंट मारली की कडेला 'हे शैक्षणिक आवृत्तीत बनवलंय' असा शिक्का छापून यायचा, आणि त्या ड्रॉइंगचा तुकडा दुसऱ्या फाइलमध्ये चिकटवला तर तो शिक्का तिकडेही जायचा. नंतर त्यांनी तो काढला, अट मात्र तशीच राहिली. वेबसाइटच्या फाइलवर असा शिक्का उमटत नाही म्हणून लोक निवांत असतात, एवढाच फरक.

तिसरा प्रकार म्हणजे संस्थेने घेतलेलं, आणि सगळ्यात जास्त गैरसमज याच्याचबद्दल असतात. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर असलेलं किंवा कॉलेजच्या ईमेलने लॉगिन केल्यावर मिळणारं सॉफ्टवेअर तुमचं नसतं. करार कॉलेज आणि कंपनीत झालेला असतो, तुम्हाला फक्त वापरायला दिलेलं असतं, आणि वर कॉलेजचे स्वतःचे कॉम्प्युटर वापराचे नियमही लागू असतात. म्हणजे अडोबीचं स्वतः घेतलेलं स्टुडंट एडिशन धंद्याला चालतं हे वाचून कुणी कॉलेजच्या लॅबमधल्या फोटोशॉपवर क्लायंटचे बॅनर करायला बसला, तर तो चुकीच्या कागदाचं उत्तर वापरतोय. सॉफ्टवेअर तेच, आयकॉन तोच, लायसन्स वेगळं. शिवाय संस्थेच्या अडोबी अकाउंटवर जे काही साठवता त्याच्यावर ताबा संस्थेच्या ॲडमिनचा असतो, हे क्लायंटच्या फाइली तिथे टाकण्याआधी लक्षात घ्या.

चौथा प्रकार शैक्षणिक नसतोच पण सगळे त्यालाही तसंच समजतात: होम, पर्सनल, हॉबी, नॉन-कमर्शियल अशी नावं असलेले प्लॅन. जेटब्रेन्सचं वेबस्टॉर्म हे कोड लिहायचं सॉफ्टवेअर ऑक्टोबर २०२४ पासून नॉन-कमर्शियल वापराला सगळ्यांसाठी फुकट झालं, विद्यार्थी असण्याची गरजच नाही, पण क्लायंटच्या कामाला ते फुकट लायसन्स चालत नाही. आणि त्या फुकट लायसन्समध्ये वापराची आकडेवारी कंपनीकडे जाते, ती बंद करता येत नाही, हेही लगे हाथ माहीत असू द्या.

आता एका कागदावर किंवा शीटमध्ये तुम्ही वापरता त्या प्रत्येक सॉफ्टवेअरचं नाव लिहा, कुणाच्या नावावर आहे ते लिहा, कुठल्या प्रकारात बसतं ते लिहा. कोड एडिटर, डिझाइन टूल, फोटो एडिटर, फॉन्ट, प्लगिन, होस्टिंग (म्हणजे साइट जिथे ठेवता ती जागा), सगळं. होस्टिंगचं नाव बहुतेक लोक लिहीतच नाहीत, आणि त्याच्याबद्दल पुढे बरंच बोलायचंय.

स्टेप २: टर्म्समध्ये नेमकं काय शोधायचं

पूर्ण करार वाचा असं सांगणं सोपं आहे, वाचत कुणी नाही. त्यापेक्षा पान उघडा, सर्च मारा आणि ठरावीक शब्द शोधा: कमर्शियल, नॉन-कमर्शियल, एज्युकेशनल, पर्सनल यूज, इंटर्नल यूज, ट्रान्सफर, टर्मिनेशन. अर्थात करारात ते इंग्रजी लिपीतच असतील, तसेच टाइप करा.

सापडलेल्या वाक्याच्या आधीचं आणि नंतरचं वाक्यही वाचा, कारण व्याख्या बहुतेक वेळा तिथे असते. आणि एका पानावर समाधान मानू नका. सवलतीच्या पानावर पात्रता लिहिलेली असते, म्हणजे कोण घेऊ शकतं ते, आणि वापराची अट असते मुख्य लायसन्स करारात किंवा त्याच्या शेवटी जोडलेल्या शैक्षणिक अटींत. बरेच जण पात्रतेचं पान वाचतात, मी पात्र आहे म्हणतात, आणि थांबतात.

कुठेच बंदीचा शब्द सापडला नाही तर? मग ते चालतं असं लगेच समजू नका, स्टेप ५ बघा. आणि जे पान तुम्ही वाचलंत त्याची पीडीएफ काढून तारखेसकट सेव्ह करून ठेवा. टर्म्स बदलतात, आणि बदलल्यावर जुनं पान शोधणं म्हणजे डोक्याला ताप.

स्टेप ३: तुमचं काम कमर्शियल आहे का?

इथे लोक स्वतःची सोय बघून व्याख्या करतात. 'मी काही कंपनी नाही, एक साइट करून दिली, त्याचे थोडे पैसे मिळाले.' हे कमर्शियलच झालं, रक्कम कितीही असो.

फुकट करून दिलं तर? ओळखीतल्या माणसाच्या धंद्याची साइट तुम्ही एक रुपया न घेता केलीत तरी ती साइट धंद्यासाठीच आहे, आणि बऱ्याच करारांत 'पैसे घेतले का' यापेक्षा 'कुणाला आर्थिक फायदा होणार का' हे बघतात. वर्सेल या होस्टिंग कंपनीचा फुकट हॉबी प्लॅन याचं चांगलं उदाहरण आहे कारण त्यांनी व्याख्या उघड लिहिलीये. तो प्लॅन फक्त वैयक्तिक, नॉन-कमर्शियल वापराला, आणि साइटवर पेमेंट घेणं, वस्तू किंवा सेवेची जाहिरात करणं, साइट बनवायचे किंवा सांभाळायचे पैसे तुम्हाला मिळणं, जाहिराती लावणं, हे सगळं त्यांच्या हिशोबाने कमर्शियल आहे. म्हणजे स्वतःच्या ब्लॉगवर गूगलच्या जाहिराती लावल्या तरी तुम्ही हॉबी प्लॅनच्या बाहेर गेलात. क्लायंट वगैरे कुणी नसतानासुद्धा.

इंटर्नशिपचंही तसंच. तुम्ही स्टायपेंड घ्या किंवा घेऊ नका, काम कंपनीचं असतं, आणि त्या कंपनीने तुम्हाला टूलचं लायसन्स द्यायला पाहिजे. 'तुझ्याकडे स्टुडंटवालं आहे ना, तेच वापर' असं कुणी म्हणालं तर ते त्यांचा खर्च वाचवतायत आणि जबाबदारी तुमच्या गळ्यात घालतायत, एवढं ओळखा.

बिनधास्त बसणारी कामं म्हणजे कोर्सची असाइनमेंट, सरावासाठी केलेली काल्पनिक दुकानाची साइट, शिकायला म्हणून केलेले प्रयोग. पोर्टफोलिओ मधला प्रकार आहे. स्वतःची कामं दाखवायची साइट बहुतेक ठिकाणी चालते, पण त्याच साइटवर सेवांचे दर आणि 'काम द्या' असं बटण आलं की तीही धंद्याची साइट धरली जाऊ शकते.

स्टेप ४: वेबसाइटच्या एकेका भागाला लायसन्स लावून बघा

साइट हे एक सॉफ्टवेअर नसतं, दहा ठिकाणच्या वस्तू जोडून ती उभी राहते आणि प्रत्येक वस्तूचा कागद वेगळा. त्यामुळे 'माझं फोटोशॉप तर कायदेशीर आहे' म्हणून सुटका होत नाही.

कोड एडिटरपासून सुरू करू, कारण इथे आनंदाची बातमी आहे. व्हिज्युअल स्टुडिओ कोड कुणालाही, धंद्यालाही फुकट आहे. पूर्ण व्हिज्युअल स्टुडिओ लागत असेल तर त्याचं कम्युनिटी एडिशन एकट्या डेव्हलपरला पैसे घेऊन केलेल्या कामासाठीही चालतं. एंटरप्राइज म्हणजे मोठ्या कंपन्यांना ते नाही, आणि त्यांची मोठीची व्याख्या आहे २५० पेक्षा जास्त कॉम्प्युटर किंवा वर्षाला १० लाख डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न. छोट्या कंपनीत एका वेळी ५ जणांपर्यंत वापरू शकतात. म्हणजे नवशिक्या फ्रीलान्सरला एडिटरसाठी विद्यार्थी सवलतीमागे धावायची गरजच नाही, तरी लोक जेटब्रेन्सचं शैक्षणिक लायसन्स घेऊन त्यावर क्लायंटचा कोड लिहितात आणि विनाकारण नियम मोडतात. डॉकर डेस्कटॉप, म्हणजे प्रोजेक्ट आपल्या मशीनवर वेगळ्या डब्यात चालवायचं टूल, तेही २५० पेक्षा कमी माणसं आणि १ कोटी डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या छोट्या धंद्याला फुकटच आहे, दोन्ही अटी एकत्र पाळल्या पाहिजेत.

डिझाइनकडे या. अडोबीचं वर सांगितलंच. फिग्मा या साइटचं डिझाइन करायच्या टूलचा एज्युकेशन प्लॅन शिकण्या-शिकवण्यासाठी आहे, क्लायंटच्या फाइली तिथे करू नका, त्यासाठी वेगळ्या ईमेलने साधं फुकट स्टार्टर अकाउंट उघडा. त्यात सोयी कमी आहेत, पण एका छोट्या साइटचं डिझाइन आरामात होतं. आणि दोन्ही अकाउंट पहिल्या दिवसापासून वेगळी असली की नंतर फाइली हलवत बसावं लागत नाही.

फॉन्ट. इथे जरा थांबा, कारण अडोबीचं कमर्शियल चालतं हे वाचून खूश झालेला माणूस नेमका इथेच अडकतो. अडोबी फॉन्ट्स तुमच्या सबस्क्रिप्शनमध्ये येतात, लोगो किंवा इमेजमध्ये वापरून ती इमेज क्लायंटला दिली तर ठीक. पण क्लायंटच्या लाइव्ह साइटवर तो फॉन्ट वेबफॉन्ट म्हणून चालवायचा असेल तर क्लायंटचं स्वतःचं सबस्क्रिप्शन लागतं, तुमच्या अकाउंटवरून त्याच्या साइटला फॉन्ट पुरवत राहणं त्यांच्या नियमात नाही. आणि नियम बाजूला ठेवला तरी हिशोब करा, तुमचं शिक्षण संपलं, सबस्क्रिप्शन बंद केलं, की त्या दिवशी क्लायंटच्या साइटवरचा फॉन्ट गायब होऊन सगळी मांडणी विस्कटणार आणि फोन तुम्हाला येणार. त्यापेक्षा गूगल फॉन्ट्समधले फॉन्ट घ्या, ते सगळे ओपन सोर्स, म्हणजे मोकळेपणाने वापरता येणारे आहेत, डाउनलोड करून क्लायंटच्याच सर्व्हरवर ठेवता येतात आणि कुणाच्या सबस्क्रिप्शनवर अवलंबून राहत नाहीत. मराठी साइट असेल तर मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे तिथेच मिळतात.

फोटोंच्या बाबतीत क्रिएटिव्ह कॉमन्सच्या लायसन्समध्ये एनसी ही दोन अक्षरं दिसली की तो फोटो क्लायंटच्या साइटला घेऊ नका, एनसी म्हणजे नॉन-कमर्शियल. कॉलेजच्या लायब्ररीमार्फत मिळणारे फोटोंचे डेटाबेसही तिसऱ्या प्रकारातलेच समजा.

थीम आणि प्लगिन. साइट बनवायचं वर्डप्रेस स्वतः जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचं आहे, कुठल्याही कामाला वापरा. विकतची थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, मात्र किती साइटला चालते ते बघा. उदाहरणार्थ थीमफॉरेस्टवरचं रेग्युलर लायसन्स एका साइटपुरतं असतं, दुसऱ्या क्लायंटला तीच थीम हवी तर पुन्हा घ्यायची. कोर्समध्ये सरांनी सगळ्या वर्गाला वाटलेली झिप फाइल असेल तर ती कुठून आली हे विचारल्याशिवाय कुणाच्या लाइव्ह साइटवर चढवू नका, लायसन्सचं सोडा, त्यात काय घुसवलेलं असेल सांगता येत नाही.

आता होस्टिंग. कोड ठेवायची साइट गिटहब, तिचा स्टुडंट डेव्हलपर पॅक २०१४ पासून आहे, त्यात वेगवेगळ्या कंपन्यांच्या ऑफर असतात: क्लाउडचं क्रेडिट, वर्षभराचं डोमेन, टूल्स. लोकांना वाटतं पॅक एक आहे म्हणजे नियम एक आहेत. तसं नाही, प्रत्येक ऑफर ज्या कंपनीची तिच्या अटी लागू, एकेक उघडून बघावी लागते. आणि अट काहीही असो, क्लायंटची साइट विद्यार्थी क्रेडिटवर ठेवू नका असंच मी सांगेन, कारण क्रेडिट संपतं, मुदत संपते, अकाउंट तुमच्या नावावर असतं आणि धंदा दुसऱ्याचा. पॅकमधलं फुकट डोमेन क्लायंटला लावून देणं तर त्याहून वाईट, वर्षाने पूर्ण दराने रिन्यू करायची वेळ येते आणि मालक म्हणून नाव तुमचं. गिटहब पेजेस या गिटहबच्या फुकट होस्टिंगबद्दलही त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय की ऑनलाइन धंदा किंवा ई-कॉमर्स साइट चालवायला ते फुकट होस्टिंग म्हणून वापरायचं नाही. पोर्टफोलिओ आणि प्रोजेक्टची पानं मात्र तिथे मस्त चालतात.

स्टेप ५: शंका असेल तर कंपनीला लिहून विचारा

फोनवर किंवा चॅटवर विचारलेलं हवेत जातं, ईमेल करा. मोठं निबंधासारखं पत्र नको. कुठला प्लॅन, तो कुणाच्या नावावर, तुम्ही सध्या विद्यार्थी आहात, आणि पैसे घेऊन क्लायंटसाठी वेबसाइट बनवायला हे सॉफ्टवेअर वापरायचंय, हे एवढं सांगून 'हे माझ्या लायसन्समध्ये बसतं का, कुठल्या कलमानुसार' असं सरळ विचारा. कलम विचारायचं कारण असं की सपोर्टवाला माणूस घाईत काहीही 'हो' म्हणून टाकतो, कलम विचारलं की त्याला बघावं लागतं. उत्तर आलं की टर्म्सच्या पीडीएफसोबत ठेवून द्या.

संस्थेच्या लायसन्सबद्दल मात्र कंपनीला विचारून उपयोग नाही, कॉलेजच्या आयटी विभागाला विचारा. उत्तर बहुतेक 'नाही' येईल, तयारी ठेवा.

स्टेप ६: जिथे 'नाही' आलं तिथे काय करायचं

तीन रस्ते आहेत, आणि पहिला रस्ता लोक उगाच टाळतात: ते टूलच बदला. फोटो एडिटिंगला गिंप, लोगोसारख्या व्हेक्टर ड्रॉइंगला इंकस्केप, इंटरफेस डिझाइनला पेनपॉट, हे ओपन सोर्स आहेत, त्यात बनवलेली इमेज किंवा डिझाइन तुमचंच, विका किंवा काही करा. गिंप जीपीएल आहे म्हणून त्यात केलेला लोगोही जीपीएल होतो असा एक गैरसमज ऐकायला मिळतो, तसं काही नसतं, लायसन्स सॉफ्टवेअरच्या कोडला आहे. अफिनिटी हे डिझाइनचं सॉफ्टवेअर २०२४ मध्ये कॅनव्हाने विकत घेतलं आणि २०२५ च्या शेवटी फुकट करून टाकलं, तेही बघण्यासारखं आहे, अटी वाचूनच.

दुसरा रस्ता, जेवढ्या महिन्यांचं काम तेवढ्याच महिन्यांचं कमर्शियल सबस्क्रिप्शन घ्या आणि तो खर्च कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखवा. क्लायंटला त्यात काही वावगं वाटत नाही, आपल्यालाच मागायला लाज वाटते. फक्त प्लॅन निवडताना डोळे उघडे ठेवा. 'महिन्याला अमुक' असं मोठ्या अक्षरात दिसतं आणि खाली बारीक अक्षरात वर्षाचा करार असतो. अडोबीच्या अशा वर्षभराच्या, महिन्याला पैसे कापणाऱ्या प्लॅनमध्ये पहिल्या १४ दिवसांनंतर रद्द केलं तर साधारणपणे उरलेल्या महिन्यांच्या रकमेच्या निम्मे पैसे भरावे लागतात. अमेरिकेत २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी यंत्रणेच्या तक्रारीवरून याच शुल्कासाठी अडोबीविरुद्ध खटला भरला गेला, ते लोकांना नीट दाखवलं जात नाही म्हणून. स्टुडंट प्लॅनचीही एक गोष्ट बघून ठेवा, सुरुवातीची सवलतीची मुदत संपली की दर वाढतो आणि पैसे आपोआप कापले जातात.

तिसरा रस्ता म्हणजे क्लायंटने स्वतः लायसन्स घेऊन तुम्हाला त्याच्या अकाउंटवर टीम मेंबर म्हणून जोडणं. मोठं काम असेल, साइट पुढे तुम्हीच सांभाळणार नसाल, तर हेच उत्तम.

स्टेप ७: काम सोपवताना

क्लायंटला द्यायचं ते आउटपुट: एचटीएमएल, सीएसएस, इमेज, कंटेंट, डेटाबेस, आणि ठरलं असेल तर मूळ डिझाइन फाइली. सॉफ्टवेअर द्यायचं नाही, लॉगिन तर अजिबात नाही. 'तुझं फोटोशॉप माझ्या ऑफिसातल्या मशीनवर टाकून दे, बॅनर आम्हीच बदलू' ही फर्माइश हमखास येते. अडोबीचं वैयक्तिक सबस्क्रिप्शन दोन मशीनवर ॲक्टिव्हेट करता येतं म्हणून लोकांना वाटतं दुसरी जागा रिकामीच आहे, देऊन टाकू. ती दुसरी जागा तुमच्याच दुसऱ्या मशीनसाठी असते. स्टुडंट लायसन्स दुसऱ्याला देता येत नाही, विकताही येत नाही.

डोमेन, होस्टिंग, थीमची लायसन्स की, हे सगळं क्लायंटच्या ईमेलवर आणि त्याच्या कार्डावर सुरुवातीलाच घ्या. शेवटी ट्रान्सफर करू म्हटलं की ते सहा महिने लोंबकळतं.

सोबत एक साधी यादी द्या: कुठला फॉन्ट कुठून घेतला, कुठला फोटो कुठल्या लायसन्सचा, कुठलं प्लगिन कधी रिन्यू करायचं. स्टेप १ मध्ये बनवलेली शीट इथे जवळजवळ तशीच कामी येते.

स्टेप ८: शिक्षण संपायच्या आधी

स्वतः घेतलेल्या सबस्क्रिप्शनमध्ये फार काही करायचं नसतं, पुढच्या वेळी पात्रता तपासली की सवलत जाते, कमर्शियल दर लागतो, त्याची तारीख कॅलेंडरवर टाका. जुन्या कायमच्या लायसन्सवाल्या बॉक्सचं, म्हणजे अडोबीच्या २०१२ च्या क्रिएटिव्ह सूट ६ सारख्याचं, स्टुडंट एडिशन कॉलेज सोडल्यावरही वापरत राहता यायचं, त्यामुळे सीनियर लोक अजूनही 'एकदा घेतलं की आयुष्यभर' असं सांगतात. आता सबस्क्रिप्शनचा जमाना आहे, तो सल्ला लागू नाही.

जेटब्रेन्सवाल्यांसाठी: शैक्षणिक लायसन्स संपलं की पदवीधरांना वैयक्तिक सबस्क्रिप्शनवर ४० टक्के सवलत असते, ते घेतलं की क्लायंटचं काम करायला मोकळे.

संस्थेच्या अकाउंटवर असलेल्यांनी मात्र शेवटच्या सेमिस्टरमध्येच हात-पाय हलवा. कॉलेजचा ईमेल बंद झाला की त्याच्यामागचं क्लाउड स्टोरेज, डिझाइन फाइली, त्याच ईमेलने उघडलेली इतर अकाउंट्स, सगळ्याला कुलूप लागतं, आणि पासवर्ड रिसेटची लिंकसुद्धा त्याच बंद पडलेल्या ईमेलवर जाते. म्हणून गिटहबसारख्या ठिकाणी आधी स्वतःचा ईमेल जोडा, तो प्रायमरी करा, टू-फॅक्टर लॉगिनचे (पासवर्डनंतर दुसरा कोड मागतात ते) बॅकअप कोड उतरवून ठेवा, आणि फाइली डाउनलोड करताना नुसत्या एक्सपोर्ट केलेल्या इमेज घेऊ नका, मूळ एडिट होणाऱ्या फाइली पण घ्या. डाउनलोड झालं की दोन-चार फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, कॉलेजच्या अकाउंटवरून येणारे फॉन्ट नसले की काय काय तुटतं ते तेव्हाच दिसतं, आणि तेव्हा दुरुस्त करायला तुमच्याकडे लॉगिन अजून चालू असतं.